जिन्याखालची आत्या

लग्न होऊन मी या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात नवरा मला दुकान दाखवायला घेऊन गेला. दुकान हे निमित्त होतं, खरी ऐट त्याला गल्लीची होती. कागदगल्ली! या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाचं काही दिसत नाही, कारण मध्ये डोक्यावर सगळं लटकलेलं असतं. पताका, झिरमिळ्या, कंदील, साखळ्या, कागदी फुलांचे झुबके, सोनेरी मुकुट, दात विचकणारे मुखवटे. उन्हं त्यातून झिरपून खाली येतात. निळ्या पताकांखालून जाणारा माणूस आजारी दिसतो आणि जरा पुढे पिवळ्यांखाली आला की एकदम टवटवीत होतो. लग्न असो, वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो की शाळेचं संमेलन, शहरभरची माणसं सजावटीला इथेच येतात. आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात एखादं भिरभिरं असतंच, मग घरात पोर असो वा नसो.

या गल्लीच्या मधोमध आमचं दुकान. आमचं म्हणजे अर्धं.

माझे सासरे धाकटे आणि त्यांचे भाऊ थोरले. वडील गेल्यावर दोघांचं बिनसलं आणि दुकानाच्या बरोबर मधून प्लायवूडची भिंत उभी राहिली. भांडण कशावरून झालं हे मी सगळ्यांना विचारून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, गल्ल्याच्या किल्लीवरून. थोरल्यांच्या बायको, ज्यांना मी वरच्या सासूबाई म्हणते कारण ते लोक आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात, त्या म्हणाल्या, पंख्यावरून. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "त्यालाच विचार." कारण काहीही असो, वाटणी मात्र इतकी चोख झाली होती की दुकानाची पाटीसुद्धा करवतीने कापली होती. पाटीवर 'रंगीत कागद भांडार' असं लिहिलेलं होतं. थोरल्यांच्या वाट्याला 'रंगीत काग' आलं आणि आमच्या 'द भांडार'. गल्लीतली टारगट माणसं थोरल्यांच्या दुकानाला उघड उघड कावळ्याचं दुकान म्हणायची. आमच्याला काय म्हणायची ते मला कोणी सांगितलं नाही.

एक खोली तेवढी वाटायची राहिली होती. दोन्ही दुकानांच्या मागे एक लांबट, बिनखिडकीची खोली होती. तिला दोन दारं, एक इकडून आणि एक तिकडून. त्या खोलीत आत्या बसायची.

आत्या म्हणजे या दोघांची मधली बहीण. आधी आई आजारी, मग वडील आजारी, त्यांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं. त्या दिवशी ती ठेंगण्या स्टुलावर बसली होती. पुढ्यात खळीचं भांडं, मांडीवर पतंगी कागदाच्या तावांची चळत. नवऱ्याने ओळख करून दिली तशी तिने मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कात्री धरता येते का गं?"

"येते."

"हाताची म्हणतेय मी. जिभेच्या कात्र्या या घरात चिक्कार आहेत."

मला हसू आवरलं नाही. तीही हसली, आणि तिच्याशी माझं जमलं ते तेव्हापासून.

तेवढ्यात थोरल्यांच्या दारातून आवाज आला, "त्याला सांग, त्याच्या पताका माझ्या हद्दीत लोंबतायत. कापून टाकीन म्हणावं!"

आत्या हातातलं काम न सोडता आमच्या दाराकडे वळली. "अरे धाकट्या, दादा म्हणतोय वारा आहे, पताका जरा आत घे, फाटतील."

सासरे तिकडून म्हणाले, "त्याला म्हणावं, माझं मी बघीन, तू तुझे कावळे सांभाळ."

आत्या थोरल्यांच्या दाराकडे वळली. "दादा, घेतो म्हणाला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती शांतपणे कागदावर खळीची रेघ ओढत होती. "तोंडातून निघालेलं सगळंच पोचवायचं नसतं," ती म्हणाली. "थोडं निवडून घ्यावं लागतं."

वर्षानुवर्षं ती हेच करत आली होती. दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते, पण तिच्यामार्फत दिवसभर बोलत होते. आणि दोन्ही दुकानांचा माल ती एकटीच बनवत होती. साध्या साखळ्या आणि पताका बाहेरून यायच्या. पण लोक ज्यासाठी आमच्याकडे वळायचे ते जाळीचे गोळे फक्त आत्या करायची. पातळ कागदाचे ताव एकावर एक ठेवायचे. एका तावावर खळीच्या रेघा ओढायच्या, पुढच्या तावावर त्या रेघांच्या बरोबर मधे. सगळी चळत वाळली की तिचा अर्धा चंद्र कापायचा आणि दोन्ही बाजूंना पुठ्ठा चिकटवायचा. हातात घेतला तर चपटा, निर्जीव तुकडा. पण दोन पुठ्ठे धरून उलगडले की फस्सकन गोळा फुलतो, आत मधाच्या पोळ्यासारखी घरं घरं. रेघ केसभर चुकली तर गोळा एका अंगाला बसतो. आत्याचा कधी बसला नाही. ती त्यात रंगही असे घालायची की बाहेरून लाल दिसणारा गोळा वाऱ्यावर फिरला की आतून केशरी चमकायचा.

जेवायला ती एक दिवस वर आणि एक दिवस खाली असायची. हा नियम कोणी केला माहीत नाही, पण दोन्ही घरी ती पाहुण्यासारखी जेवायची आणि दोन्ही घरी भांडी मात्र घरच्यासारखी घासायची.

माझ्या लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी एव्हाना दुकानात बसायला लागले होते. एके दिवशी दुपारी एक बाई आल्या. शहरातल्या एका मोठ्या सभागृहाची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. त्यांनी आमच्या दारातला गोळा हातात घेतला, मिटला, उलगडला, उन्हात धरला, परत मिटला.

"हे कोण करतं?"

"आमच्याकडेच होतं," सासरे म्हणाले.

"तेच विचारतेय. कोण करतं?"

"आहे आमचा एक कारागीर."

बाई शेजारी गेल्या. प्लायवूडला कान लावायची गरज नसते, सगळं ऐकू येतं. त्यांनी तिकडेही तोच प्रश्न विचारला आणि थोरल्यांनीही तेच उत्तर दिलं. "आहे हो एक कारागीर."

मी मागे वळून बघितलं. दार अर्धवट उघडं होतं. आत्याच्या हातातला कुंचला भांड्यावर तसाच थांबला होता आणि खळ थेंब थेंब गळत होती. मग तिने कुंचला धुतला, कापडात गुंडाळून ठेवला आणि उठून घरी निघून गेली. सणासुदीच्या तोंडावर भरदुपारी ती कधी घरी गेली नव्हती. संध्याकाळी मी घरी तिच्या खोलीत डोकावले तर ती पलंगावर बसून स्वतःचे हात बघत होती. बोटांची टोकं वर्षानुवर्षांच्या रंगांनी जांभळट झालेली.

"दुखतायत का?" मी विचारलं.

"नाही गं. कारागीर म्हणे. तेही 'आमचा एक'." ती जराशी हसली. "दोघांनी एकच शब्द वापरला बघ. यासाठी मात्र मला इकडचा निरोप तिकडे न्यावा लागला नाही."

दुसऱ्या दिवशी ती आधी थोरल्यांकडे गेली. म्हणाली, "दादा, मला पुढे बसायचंय. गल्ला नको, हिशेब नको. नुसती एक खुर्ची. मी तिथे बसून काम करीन."

"पुढे काय करणार तू? गिऱ्हाइकाशी बोलणं सोपं नसतं."

"तुम्हा दोघांचं बोलणं मीच करते ना? त्यापुढे गिऱ्हाईक काय अवघड आहे?"

थोरले जरा चाचरले. "तसं नाही गं. तू इथे बसलीस तर त्याला वाटेल तू माझ्या बाजूला झालीस. उगाच वाढायचं."

मग ती आमच्याकडे आली. सासऱ्यांनी प्लायवूडपलीकडून सगळं ऐकलेलंच होतं. ते म्हणाले, "ताई, तू पुढे बसलीस तर मागे कोण बसणार?"

"हे तू खरं बोललास धाकट्या," आत्या म्हणाली. रागावली नाही, रुसली नाही. मला वाटलं, विषय संपला.

आमच्या समोरच्या इमारतीच्या जिन्याखाली एक कुलूपवाला बसायचा. म्हातारा झाला होता, आता लेकीकडे राहायला जाणार होता. आठवडाभराने बघते तर त्याची पेटी हातगाडीवर चढतेय आणि आत्या कोनाड्यात झाडू मारतेय. जागा एवढीशी की आत जाणाऱ्याने वळायचं ठरवलं तर आधी बाहेर यावं लागे. जिन्याच्या पायऱ्यांची खालची बाजू म्हणजे तिचं छप्पर, तेही उतरतं. एका टोकाला उभं राहता यायचं आणि दुसऱ्या टोकाला फक्त मांजर मावलं असतं.

"घ्या, आजपासून तुमची," कुलूपवाला म्हणाला. "माझी पाठदुखी फुकट सोबत मिळेल."

घरात आगडोंब उसळला. सासूबाई म्हणाल्या, "भावांच्या समोर दुकान? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गोळे छान आहेत."

"आणि जेवण?"

"माझी शेगडी आहे की. एक दिवस वर, एक दिवस खाली करता करता माझ्या गुडघ्यांनी कधीच तक्रार केलेली आहे."

पाटी रंगवणारा आला तेव्हा मी तिथे होते. तो म्हणाला, "काय लिहू? काहीतरी भांडार? सजावट केंद्र?" आत्याने जरा विचार केला आणि सांगितलं, "लिही, करणारी समोरच बसलीय." त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग तेच लिहिलं. जागा लहान म्हणून अक्षरंही लहान होती, पण गल्लीतल्या प्रत्येकाने ती पाटी जवळ येऊन वाचली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी गल्लीने असं काही बघितलं की अजून लोक सांगतात. थोरले त्यांच्या दुकानातून बाहेर पडले. त्याच क्षणी सासरे आमच्या दुकानातून. आणि दोघं खांद्याला खांदा लावून रस्ता ओलांडून आत्यापुढे जाऊन उभे राहिले. चहावाला किटली धरून जागच्या जागी थांबला.

"साचे दुकानाचे आहेत," थोरले म्हणाले. पुठ्ठे कापायचे पत्र्याचे साचे वडिलांनी करून घेतलेले होते आणि आत्या ते बरोबर घेऊन गेली होती.

"हो, दुकानाचेच आहेत," सासरे म्हणाले.

"अरे वा!" आत्याने हातातली कात्री खाली ठेवली. "बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तुमचं एकमत झालं. देते की. पण कुठल्या दुकानाचे? 'काग'चे की 'भांडार'चे?"

चहावाला फिसकन हसला.

मग थोरले म्हणाले, "त्याला सांग, बाबांनी ते माझ्या देखत..."

"मी नाही सांगणार. तो तुझ्या कोपराला लागून उभा आहे, त्याला कान आहेत."

"ताई, त्याला म्हणावं की..."

"तुलाही तोंड आहे धाकट्या. माझं निरोपाचं काम बंद झालं. आता फक्त गोळे."

तिने साचे फडक्यात बांधून गाठोडं पुढे केलं. दोघांनी दोन बाजूंनी धरलं. एकही सोडेना. तसेच, मधे गाठोडं आणि दोन बाजूंना दोन भाऊ, असे ते रस्ता ओलांडून परत आले. दुकानापाशी आल्यावर पंचाईत. मधे प्लायवूड. कोणत्या दारातून आत न्यायचं? शेवटी गाठोडं बाहेरच्या बाकावर ठेवून दोघं आपापल्या दारातून आत गेले. संध्याकाळी मीच ते उचलून मागच्या खोलीत ठेवलं. ते साचे नंतर कोणी वापरलेच नाहीत, कारण आत्याने तोवर जुन्या डब्यांचा पत्रा कापून स्वतःचे केले होते.

पहिले काही दिवस तिच्याकडे कोणी फिरकलं नाही. जिन्यावरून माणसं चढली की डोक्यावर धूळ पडायची. पण ती उघड्यावर काम करत होती, हाच तिचा फायदा झाला. येणारी-जाणारी माणसं थबकायची. ती अर्धा चंद्र उचलायची, समोरच्याला तोंडाने काही न सांगता फस्सकन उलगडायची. लहान मुलं किंचाळायची. "परत करा! परत करा!" ती परत करायची. मुलाच्या हाताला धरून ओढणारी आई थांबायची, आणि थांबलेलं गिऱ्हाईक म्हणजे अर्धं झालेलं गिऱ्हाईक, हे गल्लीतलं पोरसुद्धा सांगेल. आई विचारायची, "तुम्हीच करता?" आत्या मान वर न करता पाटीकडे बोट दाखवायची.

असं बरं चालू झालं आणि मग त्या समोरच्या इमारतीतल्या एका भाडेकरूच्या हातून पाण्याची मोठी बादली जिन्यात कलंडली.

मी डबा घेऊन निघाले होते. शेगडीचं आत्या नुसतं बोलायची, कामाच्या नादात जेवण विसरायची, म्हणून मी डबा न्यायला लागले होते. रस्ता ओलांडताना पायाखाली लाल-निळं पाणी वाहताना दिसलं. मोसमासाठी करून ठेवलेला सगळा माल, पायऱ्यांखाली टांगलेला आणि खाली रचलेला, लगदा होऊन पडला होता. आत्या रस्त्यावर उभी होती. पदराच्या टोकाने ती एक गोळा टिपत होती आणि टिपेल तसा तो आणखीच विरघळत होता.

"मागची खोली कोरडी होती," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "जाते मी परत. हे काही माझं वय आहे का?"

डबा हातात धरून मी नुसती उभी राहिले. इतक्यात मागून चपलांचा फटफट आवाज आला. वरच्या सासूबाई. आत्याने दुकान काढलं तेव्हा सगळ्यात जास्त आदळआपट यांनीच केली होती. त्यांच्या काखेत फुलाफुलांचं मेणकापड होतं.

"हे पायऱ्यांना खालून ठोकून घे," त्या म्हणाल्या. "पाणी पडलं तर बाजूने ओघळून जाईल. आणि रडायचं असेल तर आजच रडून घे. उद्या गिऱ्हाइकं येतील."

"हे तुमच्या जेवायच्या टेबलावरचं ना?" आत्याने विचारलं.

"होतं."

त्या रात्री थोरल्यांनी जेवताना विचारलं म्हणे, "टेबलावरचं कापड कुठे गेलं?" वरच्या सासूबाई म्हणाल्या, "समोर गेलं." त्यावर थोरल्यांनी हातातला घास संपवला आणि विचारलं, "खिळे दिलेस का?" दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर कागदाच्या पुडीत खिळे होते. कोणी ठेवले ते सगळ्यांना कळलं.

आत्याने पुन्हा पहिल्यापासून सगळा माल केला. कसा केला ते तिचं तिलाच माहीत. तिचे खांदे दुखायचे, मी चोळून द्यायचे, आणि ती पालथी पडल्या पडल्या मला सांगायची, "निळ्यात थोडा पोपटी घालून बघू का गं?"

इकडे आमच्या दोन्ही दुकानांनी मिळून, म्हणजे पगार वेगवेगळा पण माणूस एकच, असा एक कारागीर ठेवला होता. भला माणूस होता. पण त्याचा गोळा उलगडला की कोणीतरी वर बसल्यासारखा दिसायचा. सासरे तो दारात टांगायचे आणि स्वतःच दुसरीकडे बघायचे.

आणि सभागृहवाल्या बाई पुन्हा आल्या. यावेळी सभागृहाचा मोठा समारंभ होता आणि त्यांना पूर्ण छत गोळ्यांनी भरून हवं होतं. अशी मागणी गल्लीत कित्येक वर्षांत एखाद्यालाच येते. त्यांनी दारातला गोळा उलगडला. तो बसका निघाला. दुसरा उलगडला. तोही तसाच.

"मागच्या वेळी होते ते हे नाहीत," बाई म्हणाल्या. "तो तुमचा कारागीर कुठे गेला?"

मी गल्ल्याशेजारी उभी होते. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर बघितलं. एखादी थाप मारता आली असती. माणूस आजारी आहे, गावाला गेलाय, माल चार दिवसांत करून देतो. मला वाटलं, मारतीलच. ते खुर्चीवरून उठले.

"तो कारागीर नाही," ते म्हणाले. "माझी बहीण आहे. समोर जिन्याखाली बसते. मागच्या वेळीही तिनेच केले होते, मी सांगितलं नव्हतं."

प्लायवूडच्या पलीकडून थोरल्यांचा आवाज आला, "समोरच! पाटी आहे बघा, वाचा!"

बाई हसल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. दोघं भाऊ आपापल्या दारात उभे राहून बघत होते. समोर आत्याने एक गोळा उलगडला, बाई वाकून काहीतरी बोलल्या, आत्याने मान हलवली, मग नाही म्हणून हलवली, मग बराच वेळ दोघी बोलत राहिल्या. बाई गेल्यावर आत्या उठली, गुडघे झटकले आणि जिन्याखाली बसायला लागल्यापासून पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. ती कोणत्याच दारातून आत शिरली नाही. दोघांच्या मधे, प्लायवूडच्या कडेसमोर उभी राहिली.

"मला मागची खोली भाड्याने पाहिजे. काम मोठं आहे, जिन्याखाली मावणार नाही."

"भाड्याने कशाला?" थोरले म्हणाले.

"ताई, तुझीच खोली आहे," सासरे म्हणाले.

"भाड्यानेच. आणि माणसं लागतील. पुठ्ठे कापायला दोघं पाहिजेत. मजुरी मिळेल. काम माझ्या म्हणण्याप्रमाणे. येणार का?"

थोरले पासष्टीला आले होते. बहिणीकडे पुठ्ठे कापायला बसायचं! त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कितीला यायचं सकाळी?" त्यांनी विचारलं.

मग ती बिनखिडकीची खोली भरून गेली. सासूबाई आणि वरच्या सासूबाई खळीला, मी आणि माझा नवरा तावांना, आत्या सगळ्यांच्या मागून फिरती. "रेघ वाकडी आली. परत." कोणाचीच गय नाही. वरच्या सासूबाईंना तिने एकच चळत तीनदा करायला लावली आणि त्या माउलीने मुकाट्याने केली. दोघं भाऊ एका फळीच्या दोन टोकांना बसून पुठ्ठे कापत होते. पूर्ण सकाळ गेली, दोघांत शब्द नाही. मग सासऱ्यांची कात्री बोथट झाली. ते इकडे तिकडे बघायला लागले. आत्या पाठमोरी होती, आणि ती काही निरोप नेणार नव्हती.

"दादा," सासरे म्हणाले. "कात्री."

थोरल्यांनी आपली कात्री पुढे सरकवली. "जपून. डावीकडे ओढते ती."

"माहितेय. बाबांची आहे ना."

बस, एवढंच. सासूबाईंनी खळीच्या भांड्यात इतक्या जोरात कुंचला फिरवला की माझ्या तोंडावर शिंतोडे उडाले. त्या दिवशी रेघा फार वाकड्या आल्या आणि आत्या कोणालाही ओरडली नाही.

प्लायवूडची भिंत नंतरही राहिली. दोन्ही बाजूंनी तिच्यावर इतकी फळकुटं ठोकली होती की ती काढली असती तर छतच खाली आलं असतं. सासऱ्यांनी तिला एक चौकोनी भोक पाडलं. त्यातून आता चहाचे कप इकडून तिकडे जातात. भांडणंही जातात, पण थेट.

समारंभाच्या दिवशी सकाळी बाईंनी आत्याला सभागृह बघायला बोलावलं. मी बरोबर गेले. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की चाळीस वर्षं हिने शहराच्या आनंदाची सजावट केली, पण आपली वस्तू टांगलेली हिने फक्त दुकानाच्या दारात बघितली होती. ज्या लग्नांसाठी केली, ज्या वाढदिवसांसाठी केली, तिथे तिला कोणी कशाला बोलावील?

सभागृहाचं दार उघडलं. आत अजून खुर्च्या मांडायच्या होत्या, माणसं नव्हती. उंच छतापासून खाली, लहान-मोठे, लाल, केशरी, निळे, पोपटी, सगळे आमच्या त्या लांबट खोलीतून निघालेले गोळे. वरच्या झरोक्यांतून ऊन येत होतं आणि पंख्यांच्या वाऱ्यावर ते सगळे सावकाश फिरत होते. जमिनीवर रंगांचे ठिपके सरकत होते.

आत्या दारातच थांबली. चप्पल काढावी की नाही अशी चुळबुळ करत राहिली आणि शेवटी काढलीच. मग चालत चालत बरोबर मधोमध गेली आणि मान मागे टाकून उभी राहिली. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"एवढं दिसतं होय हे!" ती म्हणाली. "मला वाटायचं, असेल आपलं बरं."

मी तिचा हात धरला. ती डोळे पुसून पुन्हा वर बघायला लागली आणि एकदम तिच्या कपाळाला आठी पडली.

"तो कोपऱ्यातला निळा कोणी टांगला? आडवा टांगलाय. अहो, शिडी कुठे आहे?"

"आत्या, राहू दे, कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना!"

शिडी आली. तिला कोणी वर चढू देईना, आणि ती कोणाला हात लावू देईना. शेवटी सभागृहवाल्या बाई स्वतः शिडीवर चढल्या आणि आत्या खालून सांगत राहिली, "थोडा उजवीकडे. तुमच्या उजवीकडे हो, माझ्या नाही. हां. आता सोडा."

आज आत्याचं वय झालंय. बोटं थरथरतात, म्हणून रेघा मी ओढते आणि ती शेजारी बसून गिऱ्हाइकांशी बोलते. त्या कोनाड्यात आम्ही दोघी कशा मावतो हे एक कोडंच आहे. तिला मागच्या खोलीत आराम करायला सांगितलं की ती म्हणते, तिथे खिडकी नाही. गेल्या आठवड्यात एक तरुण जोडपं आलं. आपल्या लग्नासाठी त्यांना पांढरे गोळे हवे होते, सगळेच्या सगळे पांढरे. आत्याने मुलीला जवळ बसवून घेतलं आणि तिला समजावायला लागली की पांढऱ्याच्या पोटात थोडासा गुलाबी घातला तर संध्याकाळच्या दिव्यांत किती शोभेल. मुलीला पटलं. मुलाला पटेना. दुपार उतरली तरी त्यांचं चाललंच होतं, आणि मी आपले पांढरे आणि गुलाबी दोन्ही ताव काढून ठेवले.